तिची दुपार आणि तुमच्या सुया

"मी 68 वर्षांचा आहे. पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवायच्या खात्यात आयुष्य गेलं. आता कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी आणि सौ. दोघंच. मुलगी नाशिकला असते. सौ. शाळेत शिक्षिका होती. रोज दुपारी जेवणं, झाकपाक झाली की ती बाल्कनीतल्या खुर्चीत विणायला बसते, ती चहापर्यंत. शेजारी रेडिओ. वामकुक्षी आटोपली की मीही तिच्या शेजारी जाऊन बसू लागलो. बघता बघता वाटलं, हे आपल्याला जमेल, शिकावं. माझे हात जन्मभर कामात होते, नुसते मांडीवर ठेवून बसवत नाही. तिने दोनदा शिकवून पाहिलं, दोन्ही वेळा भांडण झालं. मध्यंतरी चार ओळी खाली एक टाका चुकलेला दिसला म्हणून मी तो दाखवला, तर दोन दिवस धड बोलली नाही. परवा म्हणाली, 'सगळं घर तुमचं झालंच आहे, ही खुर्ची तरी माझी राहू द्या.' माझं काय चुकलं? या वयात, ताठरलेल्या बोटांनी विणकाम येतं का? मित्र हसतील ते सोडा, पण हिला कसं समजवावं?"
— एक निवृत्त टूलरूमवाला, कोथरूड

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. वहिनींना काहीही समजवायचं नाही. त्यांना सगळं समजलेलं आहे आणि खुर्चीच्या त्या एका वाक्यात त्यांनी ते तुम्हाला सांगूनही टाकलं आहे. समजून घ्यायची पाळी तुमची.

तुम्ही फर्स्ट शिफ्टला कंपनीच्या बसने जायचात त्या वर्षांची दुपार आठवायचा प्रयत्न करा. आठवणार नाही, कारण तुम्ही घरी नव्हतात. वहिनी शाळेतून यायच्या, मुलीचं बघायच्या, आल्यागेल्याचं करायच्या आणि या सगळ्यातून अर्धा-पाऊण तास ओरबाडून काढायच्या. ती सवय चाळीसेक वर्षांची असणार. मग तुम्ही निवृत्त झालात आणि घरी आलात. पुरुषाची नोकरी संपते तेव्हा ती पुरती संपते. बाईची शाळा सुटली तरी कुकर सुटत नाही. त्यात दिवसभर एक माणूस घरात, तोही निरीक्षणाची जन्मभर सवय असलेला. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण विचारते: स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावून झाली का? गॅसचा पाइप, गिझरचा थर्मोस्टॅट, कपाटाच्या बिजागऱ्या? टूलरूमची माणसं माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. घर व्यवस्थित करतात आणि मग म्हणतात, ही खूश का नाही.

सगळं घर तुमचं झालंय म्हणजे हे. उरली ती एक खुर्ची, एक रेडिओ आणि दीड-दोन तास. तिथे तुम्ही स्टूल ओढून बसलात. प्रेमानेच बसलात, हे पत्रावरून दिसतं, आणि वहिनींनाही दिसत असणार. नाहीतर त्या पहिल्या दिवशीच बोलल्या असत्या.

आता तो टाका. विणणाऱ्या बाईला आपला चुकलेला टाका माहीत नसतो, हा समज आधी काढून टाका. बहुतेक वेळा ती दोन ओळी पुढे गेल्यावरच तो बघते आणि मनाशी ठरवते की बगलेत जातोय, राहू दे, किंवा आज कंटाळा आलाय, उद्या उसवू. उसवायचं की नाही हा निर्णय जिच्या हातात सुया आहेत तिचा. दुसऱ्याने बोट ठेवलं की तो निर्णय तिच्या हातून जातो. मग उसवलं तरी राग आणि नाही उसवलं तरी राग. तुमच्या खात्यात ०.०२ मिलिमीटरचा फरक बाहेर जाऊ द्यायचा नसे, मान्य. बाल्कनीत क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा रिकामी नाही.

तेव्हा माझा सल्ला असा: विणकाम जरूर शिका, पण वहिनींकडून नको, वहिनींच्या वेळेत नको आणि वहिनींच्या सुयांवर तर मुळीच नको.

वेळ सकाळची घ्या. पेपर वाचून झाला, आंघोळ झाली की जेवणापर्यंत तुमच्याकडे काय काम असतं? बँकेत पासबुक भरायला जाणं रोज नसतं. जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक धरा. उजेड डाव्या खांद्यावरून आला तर सुयांची सावली टाक्यांवर पडत नाही. शिक्षक म्हणून फोन पुरे. यूट्यूबवर मराठी आणि हिंदीत शिकवणाऱ्या कितीतरी बायका आहेत, हात जवळून दाखवतात, आणि कळलं नाही तर व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा बघता येतो. तोच भाग अकराव्यांदा बघितला तरी त्यातली बाई "अहो, आत्ताच सांगितलं ना" म्हणत नाही. इयरफोन मात्र लावा.

खरेदीला स्वतः जा, आणि एकटे जा. वनाजहून मेट्रो पकडा, जिल्हा न्यायालय (म्हणजे सिव्हिल कोर्ट) स्थानकात गाडी बदला, मंडईला उतरा. तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्त्याच्या आजूबाजूला लोकर-सुयांची दुकानं सापडतील. तिथल्या गर्दीत तुम्ही एकटेच पुरुष असाल. दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही, त्याला रंग आणि वजन सांगा. सुया आठ नंबरच्या घ्या. आपल्याकडे अजून जुना इंग्रजी नंबर चालतो आणि तो उलटा असतो, म्हणजे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ म्हणजे 4 मिलिमीटर, दहा म्हणजे 3.25, बारा म्हणजे 2.75. तुम्ही मायक्रोमीटर लावून बघालच, लावा, नंबरावर विश्वास बसेल. ताठर बोटांना अॅल्युमिनियमपेक्षा बांबूच्या सुया बऱ्या. हाताला गार लागत नाहीत आणि टाके त्यांच्यावरून घरंगळत नाहीत. काळा, गडद निळा, चॉकलेटी या रंगांच्या वाटेला तूर्त जाऊ नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो वा नसो, काळ्यावर टाका शोधताना माणूस रडकुंडीला येतो. फिका पिवळा किंवा आकाशी घ्या.

आणि लोकर नको, सुती दोरा घ्या. पुण्यात लोकरीची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली पहाट, पारा दहा-बारावर येतो तेवढीच. दुपारी लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात. विणकाम म्हणजे लोकरच, आणि लोकर म्हणजे बर्फाळ देश, असं आपल्या डोक्यात बसलंय, पण सुयांवर विणलेल्या सगळ्यांत जुन्या ज्या वस्तू आज हाती आहेत त्या इजिप्तमधल्या, अकराव्या-बाराव्या शतकाच्या आसपासच्या, आणि त्यांत निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत. कापूस, ऊन आणि नाईल नदी. तेव्हा कोथरूडमध्ये सुताने सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. शिवाय दुकानात लोकर म्हणून मिळते त्यातली बरीचशी अॅक्रिलिक असते. धुवायला सोपी, पण आचेजवळ वितळते. गॅसपाशी काही विणून ठेवायचं तर सुतीच हवं.

मुद्दाम गॅस म्हटलं, कारण तुमची पहिली वस्तू मी ठरवून ठेवली आहे: भांडी पुसायचं फडकं. मफलर नको. नवशिक्याला सगळे मफलर सांगतात. तो संपता संपत नाही, एका हाताच्या लांबीवर कंटाळा येतो आणि कपाटात सुयांसकट पडून राहतो. त्यातून एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा साध्या विणीत घातला तर दोन्ही कडा मागे वळतात आणि गळ्यात सुरळी होते. फडक्याला चाळीस टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलटच विणा, पुढून आणि मागूनही. या विणीत कडा वळत नाहीत, दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि दोन-दोन ओळींचा मिळून एक उंचवटा तयार होतो. असे चाळीस उंचवटे झाले, म्हणजे ऐंशी ओळी, की जवळपास चौकोन होतो. का होतो ते कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीच शोधा. मी सांगितलं तर मजा जाईल.

सुलट टाक्याची क्रिया चारच गोष्टींची आहे. उजवी सुई टाक्यात घाला, दोरा सुईभोवती फिरवा, तो पुढे ओढून घ्या, जुना टाका डाव्या सुईवरून सोडा. पहिल्या आठवड्यात तुम्ही दोरा करकचून ओढाल. अचूकतेची सवय असलेले सगळे ओढतात. मग टाका सुईवर घट्ट बसतो, दुसरी सुई आत शिरत नाही, खांदे कानाला लागतात आणि तुम्ही म्हणता बोटं ताठरली. बोटं ताठरलेली असतीलही, पण आधी दोरा सैल सोडून बघा. सुईवर टाके इकडून तिकडे सरकवता आले पाहिजेत, इतके सैल. विसेक मिनिटं विणून सुया खाली ठेवा, मुठी उघडमीट करा, उठून पाणी प्या. सकाळी बोटं फारच आखडत असतील तर आधी कोमट पाण्यात बुडवा. मात्र अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे, सुया मग. वयाचं म्हणाल तर अडसष्टाव्या वर्षी विणकाम येतं. लहान मुलांइतकं लवकर येत नाही, एवढंच.

आणि आता टाका गळणार. गळतोच. एका सुईवरून निसटतो आणि त्याच्या खालच्या ओळीतला सुटतो, मग त्याच्या खालचा. बघता बघता आडव्या दोऱ्यांची उभी शिडी तयार होते. नवीन माणूस इथे घाबरून सगळं उसवतो. तुम्ही उसवू नका, कारण तुमच्यासाठी विणकामातला सगळ्यांत सुंदर भाग हाच आहे. क्रोशाची, टोकाला आकडा असलेली सुई घ्या. शिडीच्या तळाशी जो सुटा फास दिसतो त्यात तिचं टोक घाला, वरचा आडवा दोरा पकडा आणि फासातून ओढून घ्या. एक पायरी चढली. पुन्हा वरचा दोरा, पुन्हा ओढा. सुलट-उलट विणीत हे सरळ वर चढतं. तुमच्या फडक्याच्या विणीत एक पायरी पुढून आणि एक मागून चढावी लागते, तेवढं बघून घ्या. वर पोचलात की टाका डाव्या सुईवर चढवा. कुठे गळला होता ते दुसऱ्याला दाखवूनही कळत नाही. मी लिहितेय आणि मला दिसतंय की तुम्ही हे शिकण्यासाठी टाके मुद्दाम पाडाल.

फडकी झाली की कानटोपी. तुमच्यासाठी, म्हणजे हिवाळ्यात म्हातोबा टेकडीवर पहाटे घालायला. इथे लोकर चालेल, साठ-ऐंशी ग्रॅम पुरे. स्वेटरचा मनसुबा त्याच्या नंतर, आणि तोही हाताचा नमुना, म्हणजे त्याच दोऱ्या-सुयांचा एक छोटा चौकोन, विणून त्यातले टाके मोजल्याशिवाय नाही. हा नमुन्याचा कंटाळा भल्याभल्यांना असतो, पण तुम्हाला हिशेब दिला की पटेल. समजा दहा सेंटीमीटरमध्ये 22 टाके धरून छातीला शंभर सेंटीमीटरचा स्वेटर मांडला. पाठीला पन्नास सेंटीमीटर, म्हणजे 110 टाके, पुढच्या भागालाही तेवढेच. आता तुमचा हात घट्ट, दहा सेंटीमीटरमध्ये 24 बसतात. तेच 110 टाके पावणेशेचाळीस सेंटीमीटरच भरतात. दोन्ही भाग मिळून स्वेटर आठ सेंटीमीटरने लहान झाला, आणि नमुन्यात फरक होता तो फक्त दोन टाक्यांचा. माणसं मग म्हणतात लोकर आटली. लोकर घ्याल तेव्हा सगळे गुंडे एकदम घ्या आणि लेबलावरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा. रंग तोच असला तरी दुसऱ्या लॉटची छटा वेगळी निघते, आणि ती दुकानात दिसत नाही, पाठीवर आडवा पट्टा आल्यावर दिसते.

मित्रांच्या हसण्याचं तुम्हीच सोडून दिलंय, म्हणून थोडक्यात. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे. तिथे टोप्या पुरुष विणतात, मुलगे लहानपणीच शिकतात, आणि तिथल्या विणकामाच्या कलेचा युनेस्कोने 2005 मध्ये गौरव केला. कट्ट्यावर कुणी जास्तच दात काढले तर एवढं ऐकवा. पण तुम्हाला स्वतःला आवडेल ती गोष्ट वेगळी आहे. हाताच्या विणीची नक्कल करणारं पहिलं यंत्र बनवलं ते विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने, 1589 मध्ये. दंतकथा अशी की त्याचं मन जिच्यावर जडलं होतं ती हा आला तरी विणकामातून मान वर करत नसे, म्हणून त्याने विणायचं यंत्रच करून टाकलं. राणी एलिझाबेथकडे पेटंट मागायला गेला, तर हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून तिने नाकारलं. कथेचा पहिला भाग खरा की रचलेला, कोण जाणे. पण शेजारी बसून बायकोने मान वर करायची वाट बघणारा माणूस तंत्रज्ञच निघावा, यात मला तुमचं पत्र दिसलं. यंत्र करायला घेऊ नका, एवढीच विनंती.

राहिला प्रश्न वहिनींचा. त्यांना सांगायचं काय? "दुपारी मी आता खोलीतच पडतो, चहा चारला मी टाकतो," एवढं. त्याच्यापुढे व्याख्यान नको, "तुला स्पेस देतो" वगैरे तर अजिबात नको. आणि चार म्हणजे चार. पावणेचारला बाल्कनीच्या दारात जाऊन "टाकू का?" विचारलंत तर सगळं पाण्यात गेलं. चहा घेऊन जा, कप ठेवा, त्या बोलल्या तर बसा. मांडीवरच्या कामाकडे बघायचं असेल तर बघा, मोजू नका.

सकाळी टेबलावर तुमचं चाललेलं त्या बघणारच. पंधरा दिवस काही बोलणार नाहीत. मग एकदा स्वयंपाकघरातून जाता जाता म्हणतील, "दोरा बोटावरून घ्या, ओढू नका." तेव्हा "व्हिडिओत तर असं दाखवलंय" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. दोरा बोटावरून घ्या.

पुढे कधी दोघांनी मिळून काही करावं असं तुम्हाला फारच वाटलं तर जुना स्वेटर मागा, कुणी न वापरणारा, मुलीचा कॉलेजमधला वगैरे. त्या देतील किंवा नाही देणार, आग्रह नको. दिला तर उसवायचं काम तुम्ही घ्या, त्यात तुमचा हात चालेल. आधी शिवणी सोडवायच्या, बारीक कात्रीने, विणीचा धागा न कापता. मग जिथे टाके बंद केलेत ते टोक शोधायचं, बहुधा खांद्यापाशी किंवा गळ्याशी. तिथून ओढलं की ओळीमागून ओळ सुटत येते. सुरुवातीच्या काठाकडून ओढाल तर ती अडकून बसते, उगाच झटापट होते. सुटलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, धुवायची आणि खाली थोडं वजन लावून वाळत घालायची. तिच्यातले बारीक कुरळे बरेचसे उतरतात. वाळलेल्या लडीचा गुंडा करायला दोन माणसं लागतात, एकाने दोन्ही हातांवर लडी ताणून धरायची आणि दुसऱ्याने गुंडाळायचं. तुम्ही हात पुढे करा. गुंडाळण्याचा वेग त्या ठरवतील.

तर या आठवड्यात मंडईची खेप: आठ नंबरच्या बांबूच्या सुयांची एक जोडी, फिक्या रंगाचा सुती दोरा, एक क्रोशाची सुई. घरातली कात्री घेऊ नका, तीही तुमची वेगळी आणा, लोकरीच्या टोपलीतली कात्री हलवल्यावर काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेल. आणि पहिलं फडकं पुरं झालं की ते कागदात बांधून वहिनींना भेट द्यायचं मनात येईल. देऊ नका. ते भांडी पुसायला विणलंय, तुम्हीच पुसा.